संगणक किती जेवतो?

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर आमचं एक छोटं वाचनालय आहे. वाचनालय म्हणजे समाजमंदिराची एक खोली, दोन कपाटं, चारेकशे पुस्तकं, एक सतरंजी आणि कौलांवर बसवलेलं शंभर वॅटचं एक सौर पॅनेल. खोलीत एक बॅटरी आहे आणि तिच्यावर सात-सात वॅटचे तीन एलईडी दिवे लागतात. संध्याकाळी सात ते अकरा पाड्यावरची मुलं तिथे अभ्यासाला बसतात. वीज पाड्यावर आलेली आहे. पण आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पाऊस सुरू झाला, वारं सुटलं, एखादं झाड तारांवर पडलं, की ती कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून त्या तीन दिव्यांना फार किंमत आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मुंबईतल्या काही सद्‌गृहस्थांनी या वाचनालयाला तीन जुने लॅपटॉप दिले. ते मिळवून देण्यात माझा हात होता आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. मुलं आता संगणक शिकणार, म्हणून आम्ही नारळ फोडला. एक इन्व्हर्टर आणला आणि त्याच्या तारा सरळ बॅटरीला जोडल्या. मुलं खूश, आम्ही खूश. दिवाळीच्या सुमाराला लक्षात आलं की दिवे तासाभरातच मंद होतात. पुढे ते लागेनासेच झाले. बॅटरी कायमची बसली होती. नव्या बॅटरीसाठी वर्गणी जमायला माघ उजाडला. त्या वर्षी पाड्यावरची एक मुलगी दहावीला होती. ती मला म्हणाली, "काका, कॉम्प्युटर आला नसता तर दिवा राहिला असता ना?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कविता लिहिणारा, मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. संगणकाच्या आत काय असतं याच्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. पण त्या मुलीचं वाक्य मला झोपू देईना. म्हणून मी जाणकारांना विचारलं, वाचलं, एक साधा वॅटमीटर विकत घेऊन मोजमापं केली. त्यातून जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो. संगणक विकत घेताना आपण विचारतो, 'किती फास्ट आहे?' आमच्यासारख्या भागात आधी विचारायला हवं, 'किती जेवतो?'

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, असं शाळेतल्या पुस्तकात असतं. मला मेंदूपेक्षा पाणवठ्याची उपमा जास्त पटली. चिपच्या आत कोट्यवधी अतिसूक्ष्म स्विच असतात, त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. प्रत्येक वेळी एखादा स्विच उघडतो-मिटतो तेव्हा विजेची एक इवलीशी कळशी भरली आणि ओतली जाते. आता विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईचे श्रम कशावर अवलंबून असतात? कळशी किती मोठी, विहीर किती खोल आणि मिनिटाला किती खेपा, यावर. चिपचंही तसंच. कळशीचा आकार म्हणजे त्या स्विचची विद्युतधारकता. खेपांची संख्या म्हणजे आपण ज्याला मेगाहर्ट्झ, गिगाहर्ट्झ म्हणतो तो वेग. आणि विहिरीची खोली म्हणजे व्होल्टेज.

यात एक गंमत आहे. व्होल्टेज निम्मं केलं तर विहीर निम्मी खोल होतेच, शिवाय कळशीही निम्मीच भरते. म्हणजे एका खेपेचे श्रम निम्मे होत नाहीत, चौथ्या हिश्शावर येतात. कमी विजेच्या प्रोसेसरचं अर्धं रहस्य या एका गोष्टीत आहे. १९८०च्या दशकात बहुतेक चिप ५ व्होल्टवर चालत. आज त्या १ व्होल्टच्या आसपास चालतात. म्हणजे कळशीचा आकार तोच धरला तरी एका खेपेचा खर्च पंचविसावा हिस्सा झाला. मात्र व्होल्टेज कमी केलं की खेपा भराभर मारता येत नाहीत. वेग हवा असेल तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि मग खर्च दुपटीने नव्हे, त्याहून चढ्या दराने वाढतो. २००४ साली टेबलावरच्या संगणकांसाठी आलेल्या काही पेंटियम ४ चिप शंभर वॅटच्या पुढे गेल्या होत्या त्या याच हव्यासापायी. शंभर वॅट म्हणजे आमच्या वाचनालयाचं अख्खं पॅनेल, तेही भर उन्हात.

आणखी एक गोष्ट आहे, गळतीची. कळशीला भोक असेल तर बाई नुसती उभी राहिली तरी पाणी जातं. स्विच जसजसे लहान होत गेले तसतशी ही गळती वाढली. म्हणून नव्या चिपमध्ये जो भाग कामात नाही त्याची वीज मुळातूनच तोडण्याची सोय करावी लागते.

आता ज्या चिप आपल्या भोवती आहेत त्यांची घराणी पाहू. साधारणपणे तीन गट पडतात. पहिला गट इंटेल आणि ए.एम.डी. या कंपन्यांच्या चिपचा. आपल्या ओळखीच्या बहुतेक डेस्कटॉप आणि लॅपटॉपमध्ये या असतात आणि विंडोजवरचे जुने-नवे सगळे प्रोग्राम यांच्यावर चालतात. दुसरा गट 'आर्म' जातीच्या चिपचा. या आपल्या मोबाइलमध्ये, टॅबलेटमध्ये असतात. तिसरा गट अगदी छोट्या चिपचा. त्यांना मायक्रोकंट्रोलर म्हणतात. त्या संगणक म्हणून दिसतच नाहीत, दुसऱ्या यंत्राच्या पोटात दडून एकच काम करत राहतात.

या 'आर्म'च्या जन्माची हकीकत आकाशवाणीच्या श्रोत्यांना आवडावी अशी आहे, कारण तिची सुरुवात एका नभोवाणी संस्थेपासून होते. १९८१-८२ साली इंग्लंडच्या बीबीसीने लोकांना संगणक शिकवण्याची मोहीम काढली. त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीने 'बीबीसी मायक्रो' हा संगणक तयार केला. आपल्याकडेही १९८४ साली केंद्र सरकारने शाळांमधल्या संगणक साक्षरतेसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा शाळांना हेच बीबीसी मायक्रो दिले गेले होते. त्यानंतर एकॉर्नला आणखी ताकदीची चिप हवी होती. बाजारातली पसंत पडेना, म्हणून सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी स्वतःच नवी चिप आखली. कंपनी छोटी, पैसे बेताचे. चिप तापली तर तिला महागडं सिरॅमिकचं वेष्टण लागलं असतं. ते परवडणारं नव्हतं. स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टणात बसायची तर तिने एक वॅटपेक्षा कमी वीज खायला हवी, एवढीच अट होती. म्हणजे कमी वीज हा तेव्हा आदर्श नव्हता, ती गरिबीने घातलेली अट होती.

२६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप आली आणि पहिल्याच दिवशी चालली. फर्बर सांगतात की ती किती वीज घेते हे पाहायला त्यांनी मीटर लावला, तर काटा शून्यावर! नंतर कळलं की चिपला विजेची जोडणी झालेलीच नव्हती. आजूबाजूच्या तारांमधून जे संदेश येत होते, त्यातून झिरपणाऱ्या विजेवरच ती काम करत होती. त्या चिपमध्ये सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टर होते. त्याच काळातल्या इंटेलच्या ८०२८६ या चिपमध्ये १ लाख ३४ हजार होते. आज्ञा थोड्या आणि सोप्या ठेवायच्या, म्हणजे त्या समजून घेण्यासाठी लागणारी यंत्रणाही छोटी राहते, हे त्यामागचं तत्त्व. १९९० साली 'आर्म' ही वेगळी कंपनी झाली आणि पुढे मोबाइल आले तेव्हा त्यांना अशीच मिताहारी चिप हवी होती.

पण म्हणून 'आर्म म्हणजे कमी वीज आणि इंटेल म्हणजे जास्त' असं पाठ करून ठेवू नका. मीही आधी तसंच समजत होतो. आर्म जातीच्याच काही चिप आज मोठमोठ्या सर्व्हरमध्ये दोनशे वॅटच्या वर जातात. उलट इंटेलने २०२३ साली आणलेली एन १०० ही चिप ६ वॅटच्या मर्यादेत चार गाभ्यांनिशी काम करते. चिप कोणत्या घराण्याची यापेक्षा ती कोणत्या कामासाठी आखली हे महत्त्वाचं. माणसांचंही तसंच असतं, नाही का?

ही मर्यादा म्हणजे काय, तेही सांगतो, कारण दुकानात हाच आकडा दाखवतात. चिपच्या माहितीपत्रकावर टीडीपी म्हणून वॅटचा एक आकडा असतो. तो त्या चिपचा रोजचा खर्च नव्हे. चिप सतत जोरात राबत असेल तर तिची किती उष्णता बाहेर काढण्याची सोय हवी, याचा तो आकडा आहे. काही क्षण ती त्याहून जास्तही खाते आणि नुसती बसली असेल तर फारच कमी.

शिवाय चिप एकटी नसते. २००८ साली इंटेलने ॲटम नावाची छोटी चिप आणली. तिची बरीच वाहवा झाली. टेबलावरच्या संगणकांसाठी तिचा जो प्रकार होता, ॲटम २३०, त्याची मर्यादा अवघी ४ वॅट. पण तिच्या सोबत जी दुसरी साहाय्यक चिप बसवली जात होती, तिची मर्यादा २२ वॅट! नवरदेव मिताहारी आणि वऱ्हाड खादाड, असा तो प्रकार. त्यात पडदा, हार्डडिस्क, पंखा, वायफाय आलं. म्हणून संगणकाचं जेवण मोजायचं तर पंगतच मोजायला हवी. अलीकडे या वऱ्हाडालाही आवर घातला गेला आहे. जी कामं चार चिप करत होत्या ती एकाच चिपमध्ये आणली गेली. ॲपलने २०२० साली लॅपटॉपमध्ये आर्म जातीची एम १ चिप घातली, तिच्या वेष्टणातच मेमरीही बसवली होती. इंटेलनेही २०२४च्या काही लॅपटॉप चिपमध्ये मेमरी तशीच जवळ आणली. तारेचं अंतर कमी, म्हणजे कळशी वाहायचं अंतर कमी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संगणकाचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. मूल पडद्यावरचं एक पान वाचतं, त्याला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत प्रोसेसरला काहीच काम नसतं. तेव्हा तो काय करतो? जागा राहून वीज खात बसतो, की झोपतो? कमी विजेच्या संगणकाची खरी परीक्षा इथे आहे.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटे यांच्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या मोहिमेचे ते लॅपटॉप, नाव एक्सओ. शंभर डॉलरमध्ये लॅपटॉप, ही तिची घोषणा होती. प्रत्यक्षात किंमत बरीच वर गेली. भारत सरकारने २००६ सालीच या योजनेत पडायला नकार दिला होता, म्हणून खैरातसारखे मोजके प्रयोगच आपल्याकडे झाले. त्यात ए.एम.डी.ची जिओड नावाची चिप होती. वेग ४३३ मेगाहर्ट्झ, मेमरी २५६ मेगाबाइट. आजच्या हिशेबाने गरीबच. पण तिच्यात एक शहाणपण होतं. पडद्याचं चित्र टिकवून धरायला एक वेगळी छोटी चिप होती. मूल पान वाचत असलं की मुख्य प्रोसेसर झोपी जाई, तरी अक्षरं पडद्यावर तशीच राहत. कळ दाबली की तो जागा होई. मेरी लू जेप्सन यांनी आखलेला पडदा भर उन्हात मागच्या प्रकाशाशिवायही वाचता येत होता, म्हणजे पडद्याच्या दिव्याचाही खर्च वाचला.

या एका लॅपटॉपच्या पुढच्या पिढ्या पाहिल्या तरी आपला आजचा विषय समजतो. दुसऱ्या आवृत्तीत वाया कंपनीची सी-७ एम ही चिप घातली. वेग १ गिगाहर्ट्झ झाला, पण विजेची भूक वाढली. तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी घराणंच बदललं आणि मार्व्हेल कंपनीची आर्म जातीची चिप घेतली. वेग फारसा न सोडता विजेचा खर्च बराच उतरला. यंत्राचं बाहेरचं रूप तेच, आतली चिप मात्र बदलत गेली. यंत्राबरोबर शिकवणारा हवा हेही याच मोहिमेने दाखवलं. पेरू देशात हे लॅपटॉप लाखांनी वाटले गेले आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांच्या गणित-भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. त्यात चिपचा काय दोष?

मोबाइलच्या चिपने पुढे आणखी एक युक्ती काढली. २०११ साली आर्म कंपनीने एकाच चिपमध्ये मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे गाभे ठेवण्याची कल्पना मांडली. नांगराला बैल आणि निरोपाला पोर. घड्याळ दाखवणं, निरोप आला का पाहणं, गाणं वाजवणं अशी किरकोळ कामं लहान गाभा करतो, मोठा झोपून राहतो. चित्रफीत बनवायची असेल तर मोठा उठतो, झटकन काम उरकतो आणि पुन्हा झोपतो. २०२१पासून इंटेलनेही आपल्या मुख्य चिपमध्ये हीच रीत उचलली.

तिसऱ्या गटातल्या छोट्या चिप म्हणजे या झोपेच्या बाबतीत अगदी योगीच. जव्हार आगारातून सुटलेल्या एसटीत कंडक्टरच्या गळ्यात असायचं ते तिकिटाचं जुनं यंत्र आठवा. दिवसभराच्या फेऱ्या ते स्वतःच्या बॅटरीवर काढायचं. निवडणुकीला आपण ज्यावर बटण दाबतो ते मतदान यंत्र वीज नसलेल्या पाड्यावरही चालतं, कारण त्याला बाहेरची वीज लागतच नाही. त्याची स्वतःची बॅटरी त्याला पुरते. राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर 'महावेध' प्रकल्पात जी स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली, ती छोट्याशा सौर पॅनेलवर पाऊस, वारा, तापमान नोंदवत उभी असतात. या प्रकारच्या चिपचं काम क्षणभराचं असतं. उठायचं, एक आकडा घ्यायचा, लिहून ठेवायचा आणि झोपायचं. झोपेत त्यांचा खर्च वॅटच्या लाखाव्या हिश्शाच्याही खाली जातो. आमच्याकडे पावसाचं एक एक माप मोलाचं असतं. ते मोजायला गिगाहर्ट्झ लागत नाहीत.

अशा पोटात दडणाऱ्या चिप आपल्याकडेही आखल्या जात आहेत, हे सांगितलं पाहिजे. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अजित' नावाचा प्रोसेसर तयार केला. तो २०१९ साली लोकांपुढे आला. मद्रासच्या आयआयटीत 'शक्ती' नावाचं घराणं आखलं गेलं. ते 'रिस्क-फाइव्ह' या आज्ञासंचावर बेतलेलं आहे. या आज्ञासंचाचं काम अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात २०१० साली सुरू झालं. तो सर्वांसाठी खुला आहे, वापरायला कुणाला परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. आपल्या मीटरमध्ये, पंपात, हवामान केंद्रात पुढे अशा चिप आल्या, तर त्याचं महत्त्व वेगापेक्षा वेगळ्या कारणाने असेल.

आता परत आमच्या पाड्यावर जाऊ आणि झालेल्या चुकीचा हिशेब मांडू. बॅटरी १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची. दोन्हींचा गुणाकार केला की ४८० वॅट-तास होतात. पण शिसे-आम्लाची ही बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. निम्म्यावर थांबलं तर ती काही वर्षं टिकते. म्हणजे वापरायला २४० वॅट-तास. तीन दिवे मिळून २१ वॅट, चार तास, म्हणजे ८४. इथवर सगळं ठीक. आता ते लॅपटॉप. त्यांच्या चिपची मर्यादाच ३५ वॅटची, जुन्या पिढीतली. माझ्या मीटरवर एकेक लॅपटॉप सरासरी ३२ वॅट दाखवत होता. दोन चालू ठेवले की ६४ आणि इन्व्हर्टर स्वतःचे दहा-बारा खाई ते वेगळे. धरा ७५ वॅट. तीन तासांचे झाले २२५. दिव्यांचे ८४ मिळवा. ३०९. हातात २४०.

बरं, हे २४० तरी रोज भरत होते का? उन्हाळ्यात ते पॅनेल दिवसाला साडेतीनशे वॅट-तासांपर्यंत देतं. पण आमच्याकडच्या ऑगस्टमध्ये ढग डोंगरावर उतरून बसलेले असतात. दिवसभरात शंभर-सव्वाशे मिळाले तर नशीब. म्हणजे रोज शंभर-सव्वाशेची कमाई आणि तीनशेचा खर्च! वर आम्ही इन्व्हर्टर सरळ बॅटरीला जोडलेला. बॅटरी फार उतरली की तोडणारं जे नियंत्रक यंत्र असतं, त्याला वगळून. सावकाराला दारातून बाहेर ठेवायचं आणि मागच्या दाराने कर्ज काढायचं, तसं. दोन महिन्यांत बॅटरी संपली यात नवल नाही. लॅपटॉप देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. चूक आमची होती, आम्ही पंगत मोजली नव्हती.

नवी बॅटरी आल्यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पर्याय चार होते. पहिला, तेच जुने लॅपटॉप. फुकट, पण ३२ वॅट. दुसरा, ६ वॅटच्या चिपचा नवा छोटा लॅपटॉप. पडद्यासकट आठ ते बारा वॅटमध्ये भागतो, विंडोज चालतं, पण किंमत आमच्या आवाक्याबाहेर. तिसरा, रास्पबेरी पायसारखी आर्म चिपची पत्त्याच्या कॅटएवढी पाटी. हीही केंब्रिजचीच, पहिली २०१२ साली आली. साध्या कामाला तीन-चार वॅट पुरतात, पडदा वेगळा घ्यावा लागतो. मात्र तिच्या नव्या पिढ्या वेगाबरोबर भुकेलाही वाढल्या आहेत. २०२३च्या पाचव्या आवृत्तीसाठी २७ वॅटचा चार्जर सुचवला जातो. म्हणून आमच्या कामाला जुनी पिढीच बरी. चौथा पर्याय टॅबलेट. वापरताना चार-पाच वॅट, आणि स्वतःची वीसेक वॅट-तासांची बॅटरी पोटातच.

हा चौथा पर्याय वरकरणी साधा वाटतो. पण त्यातला पोटातल्या बॅटरीचा मुद्दा आमच्या कामी आला. टॅबलेट दुपारी बारा ते दोन, पॅनेल जोरात असतं तेव्हा भरून घेता येतो. रात्री तो स्वतःच्या शिदोरीवर चालतो, दिव्याच्या ताटातलं घेत नाही. शिवाय तो १२ व्होल्टवरून छोट्या चार्जरने सरळ भरतो. बॅटरीची वीज आधी २३० व्होल्ट करायची आणि लॅपटॉपच्या चार्जरने पुन्हा १९ वर आणायची, हा द्राविडी प्राणायाम वाचतो. इन्व्हर्टर आम्ही काढूनच टाकला.

शेवटी दोन टॅबलेट आणि दिवसा टंकलेखन शिकण्यासाठी एक छोटी पाटी, पडदा आणि कळफलक, असं ठरलं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतील असे टॅबलेटमध्ये भरून ठेवले आहेत. जुन्या लॅपटॉपपैकी दोन जव्हारला एका अभ्यासिकेत गेले, तिथे विजेची अडचण कमी आहे. तिसरा माझ्याकडे राहिला, त्याचं कारणही सांगतो. माझ्या वीसेक वर्षांच्या कविता युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉण्टात टाइप केलेल्या आहेत. तो प्रोग्राम जुन्या विंडोजशिवाय उघडत नाही. आर्मची पाटी कितीही मिताहारी असली तरी माझ्या जुन्या कवितांना ती ओळखत नाही. निवड करताना हेही पाहावं लागतं. जे काम तुमचं अडलेलं आहे, ते या चिपवर चालतं का?

तुमच्या गावातल्या शाळेला, वाचनालयाला, अंगणवाडीला कुणी संगणक देऊ केला, तर आनंदाने घ्या. पण आधी तीन गोष्टी विचारा. अख्खं यंत्र, पडद्यासकट, किती वॅट घेतं? मोकळं बसलेलं असताना किती घेतं? आणि आपल्याकडे सर्वांत वाईट दिवशी, भर पावसात, किती वॅट-तास मिळतात? तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोहोंपेक्षा आधी काढा. वॅटमीटर फारसा महाग नसतो. एका गावाने घेतला तर दहा गावांना फिरवता येतो.

वाचनालयाच्या भिंतीवर आता एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर बॅटरीच्या व्होल्टेजचा आकडा मुलं रोज सकाळ-संध्याकाळ लिहितात. १२.२च्या खाली गेला की टॅबलेट भरायचे नाहीत, ही ओळ त्यांनीच मोठ्या अक्षरात खाली लिहिली आहे. गेला पावसाळा त्या बॅटरीने काढला. आषाढात सलग सहा दिवस टॅबलेट बंद होते, मुलं पुस्तकं वाचत बसली.

ती दहावीची मुलगी तेव्हा घरच्या चिमणीच्या उजेडात अभ्यास करून पास झाली. आता ती जव्हारला अकरावीत आहे. सुट्टीत पाड्यावर आली की पुठ्ठ्यावरचे आकडे तपासते. मागच्या वेळी तिने एका दिवसाची राहिलेली नोंद दाखवून मला विचारलं, "काका, या दिवशी कुणी पाहिलं नाही का?" त्या दिवशी पाळी माझी होती.